अभ्यासिकेतले नऊ संगणक : सफाईच्या नोंदी

सोमवार, २ जून २०२५

वाचनालयाला सोमवारची सुट्टी असते, म्हणून कामासाठी हाच वार धरला. ग्रंथपाल सरांनी किल्ली कालच देऊन ठेवली होती. चिकटपट्टीवर १ ते ९ आकडे लिहून प्रत्येक संगणकाच्या माथ्यावर लावले, म्हणजे नोंदीत घोळ नको. नऊही यंत्रांवर विंडोज १० आणि क्रोम आहे. खातं एकच, तेही ॲडमिनिस्ट्रेटरचं आणि बिनपासवर्डाचं. तलाठी भरतीची तयारी करणारी मुलं, सातबारा काढायला येणारी वयस्कर माणसं, वार्षिक अहवाल टाइप करणारे सर, सगळ्यांचा वावर त्याच एका खात्यात.

तक्रार अशी की क्रोम उघडलं की गूगल येत नाही, भलतंच पान येतं. ब्राउझरचा असा ताबा घेणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. मधोमध शोधायची पट्टी, खाली हवामान, राशिभविष्य, खेळांची चित्रं. तिथे काही शोधलं की वरचा पत्ता डोळ्यांदेखत दोन-तीनदा बदलतो आणि मग निकाल लागतात. बरेचसे निकाल एका खऱ्याच मोठ्या सर्च इंजिनाचे असतात, पण पहिले चार-पाच पैसे भरून वर बसलेले. त्यांच्यावरचा 'जाहिरात' हा शब्द इतका फिकट, की पडद्याजवळ तोंड नेल्याशिवाय वाचता येत नाही.

आज काही काढलं नाही, नुसती पाहणी केली. १, २, ४, ५, ७ आणि ८ या सहा यंत्रांवर ते पान आहे. ३, ६ आणि ९ स्वच्छ. सहाही यंत्रांवरची प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावून वहीत उतरवून घेतली. तीन अनोळखी नावं सगळीकडे सारखी: एक ड्रायव्हर अपडेट करणारा, एक संगणक वेगवान करणारा, एक सर्चच्या नावाचा. वेगवान करणाऱ्यानं क्रमांक ५ वर आपणहून तपासणी केली आणि लाल अक्षरांत १,२४३ 'चुका' दाखवल्या. यादी उघडून बघितली तर ब्राउझरच्या कुकीज आणि तात्पुरत्या फाइली, ज्या प्रत्येक संगणकावर असतातच. 'दुरुस्ती'साठी मात्र पैसे भरा म्हणतो.

सर म्हणाले, "मुलं काहीबाही उघडतात ना, त्यातनं येत असणार." मीही तेच धरून चालले. पण वहीत बघते तर तिन्ही नावांची तारीख गेल्या ऑक्टोबरातली, तीही सहाही यंत्रांवर एकाच दिवसाची.

सोमवार, ९ जून

क्रमांक ४ वर दिवसभर बसले. एकाच यंत्रावर नीट समजून घ्यायचं आणि मग बाकीच्यांना हात लावायचा, असं ठरवलं होतं.

आधी शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं आणि 'टार्गेट'ची चौकट बघितली. ती आखूड असते. क्रोमच्या फाइलचा मार्ग दिसतो आणि सगळं जागच्या जागी वाटतं. कर्सर आत ठेवून 'एंड'ची कळ दाबली तेव्हा शेपूट दिसलं. फाइलचं नाव संपतं, अवतरणचिन्ह मिटतं, मग एक रिकामी जागा आणि तिच्यापुढे त्या पानाचा पत्ता. म्हणजे क्रोमच्या आत जाऊन होमपेज दहा वेळा बदललं तरी या चित्रावरून उघडलं की तेच पान समोर येणार. टास्कबारवरच्या आणि स्टार्ट मेनूतल्या चित्रालाही तेच शेपूट. तिन्ही ठिकाणी हातानं खोडलं.

मग एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. नाव साधं, 'सर्च' आणि 'टॅब' हे शब्द असलेलं. बाकीच्या एक्स्टेन्शनखाली 'काढून टाका'चं बटण आहे, याच्याखाली नाही. आणि क्रोमच्या मेनूत तळाला लिहिलेलं, की हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो. सर शेजारी चहा घेऊन उभे होते. त्यांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कुठली संस्था, ताई? आपली? आपण तर काहीच केलेलं नाही."

खरं आहे, वाचनालयानं काहीच केलेलं नव्हतं. मोठ्या कार्यालयांत शेकडो संगणक एका जागेवरून सांभाळता यावेत म्हणून क्रोममध्ये 'पॉलिसी' नावाची सोय आहे. कार्यालयानं ठरवलेलं एक्स्टेन्शन कर्मचाऱ्याला काढता येत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळ्या सेटिंग्ज जिथे साठतात तिथे) ठरलेल्या जागी नोंद केली की क्रोमला वाटतं, हा मालकाचा हुकूम. ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क मिळालेला कुठलाही प्रोग्रॅम ती नोंद करू शकतो. रजिस्ट्रीत पॉलिसीज, मग गूगल, मग क्रोम असं उतरत गेले तेव्हा तळाशी सक्तीच्या एक्स्टेन्शनची यादी सापडली. तिच्यात एकच ओळ: ३२ अक्षरांची ओळख. क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या ओळखीत इंग्रजी 'ए' ते 'पी' एवढीच अक्षरं येतात, त्यामुळे ती पटकन ओळखू येते. एक्स्टेन्शनच्या पानावरच्या ओळखीशी अक्षर अक्षर ताडून बघितली. तीच. नोंद पुसली, क्रोम बंद करून उघडलं, आणि 'काढून टाका'चं बटण आलं.

सरांना तोवर चहा प्यायचंही सुचलं नव्हतं. बटण दिसल्यावर घोट घेतला.

मंगळवार, १० जून

संध्याकाळी सरांचा फोन. क्रमांक ४ वर ते पान परत आलंय.

जाऊन बघितलं. शॉर्टकटला पुन्हा शेपूट, रजिस्ट्रीत पुन्हा तीच ओळ. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर उघडला. खऱ्या अपडेटसारखं नाव घेतलेलं एक काम तिथे बसलं होतं. लॉगिन झालं की चालायचं आणि त्यानंतर दर तासाला. ते वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'त दडवलेल्या फोल्डरमधली एक छोटी फाइल चालवायचं आणि आपण पुसलेलं सगळं पूर्ववत करायचं. काल मी पाटी पुसली होती, लिहिणारा घरातच होता. काम काढलं, फोल्डर काढलं, मग बाकीचं पुन्हा पुसलं. यंत्र तीनदा बंद-चालू केलं. आलं नाही.

क्रम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवला: आधी टास्क, मग प्रोग्रॅम, मग पॉलिसी, मग एक्स्टेन्शन, शेवटी शॉर्टकट.

गुरुवार, १२ जून

आज सोमवार नव्हता, तरी जावं लागलं. पीककर्जाच्या कागदांसाठी एक आजोबा सातबारा काढायला आले होते आणि क्रमांक ७ वर बसले होते. ते यंत्र मी अजून साफ केलेलं नाही. त्यांनी मराठीत 'सातबारा उतारा' असं शोधलं, आलेला पहिलाच निकाल उघडला. पान अगदी सरकारी थाटाचं. नाव, गाव, गट नंबर, मोबाइल सगळं भरून घेतलं आणि १९९ रुपये मागितले. आजोबांनी शेजारच्या मुलाकडून फोनवरून पैसे भरून घेतले. उतारा आला नाहीच.

महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तो मी त्यांना काढून दिला. फसवणुकीची तक्रार लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी क्रमांकावर नोंदवली, कारण पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर अडवता यायची शक्यता असते. आजोबा म्हणत राहिले, "जाऊ दे गं पोरी, दोनशेच तर गेले. माझंच चुकलं, मला यातलं काय कळतंय." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी बरोबर शब्द शोधले, वरचं पान उघडलं, जसं सगळेच उघडतात. वर कोण बसणार हे ज्यानं ठरवलं, त्याला आजोबांचा गट नंबर कशाला हवा होता हे मला अजून कळलेलं नाही, आणि १९९ रुपयांपेक्षा तेच मला जास्त टोचतंय.

या पानांना लोक 'त्रासदायक' म्हणून सोडून देतात. मीसुद्धा पहिल्या दिवशी वहीत 'किरकोळ' असा शेरा लिहिला होता. तो आज खोडला.

सोमवार, १६ जून

सहाही यंत्रं झाली. क्रम तोच. हातानं काढून झाल्यावर प्रत्येकावर ॲडवक्लीनर फिरवलं. नको असलेले प्रोग्रॅम शोधून काढणारं हे हत्यार २०११ पासून आहे, २०१६ मध्ये ते मालवेअरबाइट्स या कंपनीकडे गेलं. मी ते माझ्या घरच्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवरून आणलं. बिघडलेल्या ब्राउझरवरून सफाईचं साधन शोधू नये, कारण तिथला पहिला निकाल कोण विकत घेतो ते गुरुवारी बघितलंच. पूर्वी क्रोममध्येच सफाईची एक सोय होती, ती गूगलनं मार्च २०२३ मध्ये काढून टाकली. अजूनही बरेच जण सेटिंग्जमध्ये ती शोधत बसतात.

होस्ट्स फाइल, प्रॉक्सी आणि डीएनएस या ब्राउझरला भलतीकडे वळवता येणाऱ्या आणखी तीन जागाही सहाही ठिकाणी बघितल्या. तिथे कुणी हात लावलेला नाही.

बुधवार, १८ जून

क्रमांक २ वर पुन्हा तोच त्रास. टास्क नाही, पॉलिसी नाही, शॉर्टकट स्वच्छ. तरी एक्स्टेन्शन हजर, आणि या वेळी त्याचं नाव वेगळं, पीडीएफ आणि फोटोचं काम करून देणारं. काढून टाकायचं बटणही आहे. म्हणजे हे मागचं नव्हे, नवीनच.

दुपारी त्या यंत्रावर बसलेली मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. जवळ गेले तर म्हणाली, "ताई, आईशपथ मी काही डाउनलोड नाही केलं." खरंच केलं नव्हतं. तिनं फक्त आपल्या जीमेलनं क्रोममध्ये साइन इन केलं होतं. गेल्या महिन्यात भरतीचा अर्ज भरताना फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवायची होती. सही मोठी भरत होती, अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत. तिनं भावाच्या लॅपटॉपवर 'सही छोटी करा' असं शोधलं आणि एका पानानं सांगितलं, हे एक्स्टेन्शन जोडा. जोडलं. सहीचं काम झालंही असेल, पण त्याबरोबर क्रोमचा सर्च बदलला. आणि क्रोमचं सिंक चालू असलं की एक्स्टेन्शनही खात्याबरोबर प्रवास करतात. ती जिथे साइन इन करेल तिथे ते मागोमाग जाणार.

एक्स्टेन्शन तिच्या खात्यातून काढलं. आधी सिंक चालू आहे ना हे बघितलं, म्हणजे काढल्याचा निरोपही भावाच्या लॅपटॉपपर्यंत जाईल. मग आम्ही दोघींनी विंडोजच्या 'पेंट'मध्ये तिची सही छोटी करून बघितली. 'रीसाइझ', टक्के कमी, जेपीजीमध्ये सेव्ह. दोन मिनिटं लागली. जे संगणकात आधीपासून होतं, त्यासाठी तिला बाहेर जावं लागलं, कारण आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवार, २१ जून

कार्यकारिणीची बैठक. मला बोलावलं होतं. एका सदस्यांनी रास्त प्रश्न विचारला: अँटिव्हायरसचे दरवर्षी पैसे भरतो, मग त्यानं हे पकडलं का नाही? उत्तर तिथे थोडक्यात दिलं, इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण हा प्रश्न पुन्हा येणार.

व्हायरस चोरासारखा खिडकीतून येतो. हे प्रोग्रॅम दारातून येतात आणि तुमची सही घेऊन येतात. इन्स्टॉल करताना तुम्ही 'ॲक्सेप्ट' दाबलंत, हा त्यांचा बचाव. त्यांच्यामागे नोंदणीकृत कंपन्या असतात, वकील असतात. अमेरिकेतल्या झँगो या ॲडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम, बनवणाऱ्या कंपनीनं तर आपला प्रोग्रॅम अडवला म्हणून कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर खटला भरला होता. २००९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं कॅस्परस्कीच्या बाजूनं निकाल दिला. पण असे खटले अंगावर येतात म्हणून अँटिव्हायरसवाले जपून बोलतात. 'मालवेअर' म्हणत नाहीत, 'कदाचित नको असलेला प्रोग्रॅम' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरं घेऊन पीयूपी. आणि बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये त्यांना पकडण्याची सेटिंग वेगळी असते, ती आपण चालू करावी लागते. आपल्याकडे ती बंद होती.

यात पैसा कुठून येतो? सर्चमधून. वळवलेल्या प्रत्येक शोधामागे जाहिरातीचा वाटा मिळतो, म्हणून तर निकाल शेवटी खऱ्या सर्च इंजिनाचेच असतात. मधल्या दोन-तीन उड्यांत हिशेब लागतो. आणि तो प्रोग्रॅम संगणकात पोचवून देणाऱ्याला दर इन्स्टॉलमागे मोबदला मिळतो. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा बाजार तपासला तेव्हा भाव १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत होता, आणि गूगलच्या सुरक्षा यंत्रणेला असे डाउनलोडचे प्रयत्न आठवड्याला ६ कोटींवर दिसत होते.

मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. डाउनलोड डॉट कॉम या संकेतस्थळानं २०११ मध्ये नेटवर्क तपासणाऱ्या एनमॅपसारख्या फुकट आणि खुल्या प्रोग्रॅमभोवती स्वतःचं वेष्टण घालून त्यात टूलबार (ब्राउझरला चिकटणाऱ्या पट्ट्या) भरले, तेव्हा एनमॅपचे कर्ते गॉर्डन लायन यांनी जाहीर निषेध केला. सोर्सफोर्ज या डाउनलोडच्या साइटवर २०१५ मध्ये गिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तसंच झालं. पुढे २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. लेनोवोनं काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं ॲडवेअर घातलं होतं, ते फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झालं. त्याचं प्रकरण सर्वांत गंभीर, कारण जाहिराती घुसवण्यासाठी त्यानं प्रत्येक लॅपटॉपवर स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (कुठलं संकेतस्थळ खरं हे ब्राउझर ज्यावरून ठरवतो ते) बसवलं होतं आणि सगळ्यांची गुप्त किल्ली एकच होती. तिचा पासवर्ड काही तासांत फुटला. म्हणजे त्या लॅपटॉपवर बँकेचं कुलूप दिसत असलं तरी ते खरंच बँकेचं आहे याची खात्री उरली नव्हती.

फायरबॉलचा आकडाही बैठकीत सांगितला. चेक पॉइंट या कंपनीनं जून २०१७ मध्ये म्हटलं की हा ब्राउझर हायजॅकर जगात २५ कोटी संगणकांवर आहे आणि त्यांतले सर्वांत जास्त, २ कोटी ५३ लाख, भारतात. मायक्रोसॉफ्टनं ते आकडे फुगवलेले असल्याचं म्हटलं. मलाही ते जसेच्या तसे धरून चालायचं नाही. पण आपल्या अभ्यासिकेत नऊपैकी सहा हा आकडा मी स्वतः मोजलेला आहे.

बैठकीनंतर सर हळूच म्हणाले, "ऑक्टोबरात ही सहा यंत्रं फॉरमॅट करून घेतली होती. तो पेनड्राइव्ह माझ्या खणात आहे."

सोमवार, २३ जून

आजची नोंद लांब होणार.

पेनड्राइव्हवर 'सेटअप' नावाचं फोल्डर. आत पाच इन्स्टॉलर. माझा जुना लॅपटॉप काल रात्री कोरा केला होता. त्यावर नुसतं विंडोज, माझं कुठलंही खातं नाही, इंटरनेट वाचनालयाचं नव्हे तर माझ्या फोनचं. एकेक इन्स्टॉलर चालवायचा आणि प्रत्येकानंतर टास्क, पॉलिसी, एक्स्टेन्शन बघायचं. पहिले दोन निर्मळ निघाले.

तिसरा होता जुन्या मराठी फॉन्टचा कन्व्हर्टर. याची गरज खरी आहे. सर अहवाल युनिकोडमध्ये टाइप करतात, पण छापखान्यातल्या पानं लावण्याच्या प्रोग्रॅमला जुना फॉन्ट लागतो. तिथे युनिकोड टाकलं की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. अहवालाचं टायपिंग मुलांत वाटून द्यायचं होतं, म्हणून सरांनी तो सहाही यंत्रांवर टाकून घेतला होता.

इन्स्टॉलर उघडला. पहिली खिडकी साधी: नाव, 'नेक्स्ट'. दुसरीत करार. सहा ओळींच्या चौकटीत कोंबलेला. मी तो उचलून कोऱ्या फाइलीत टाकला तर चौदा पानं भरली, सगळी इंग्रजीत. तिसरी खिडकी महत्त्वाची. दोन पर्याय होते. 'एक्स्प्रेस', त्याच्यासमोर 'शिफारस' असा शब्द, गोलात काळा ठिपका आधीच भरलेला, अक्षरं ठळक. खाली 'कस्टम', राखाडी अक्षरांत, जणू तो पर्याय बंदच आहे. दाबून बघितला, चालू होता. त्यावर टिचकी मारताच तीन बरोबरच्या खुणा उघड झाल्या: होमपेज बदला, सर्च बदला, एक एक्स्टेन्शन जोडा. तिन्ही आधीच भरलेल्या. 'एक्स्प्रेस'वर राहिलं तर त्या दिसतही नाहीत, त्यांचा उल्लेख तळाच्या बारीक मजकुरात आहे.

मी परत 'एक्स्प्रेस'वर आले आणि ऑक्टोबरात घडलं असेल तसंच पुढे गेले. चौथ्या खिडकीत संगणक वेगवान करणारा प्रोग्रॅम. उजवीकडे मोठं हिरवं 'ॲक्सेप्ट'. डावीकडे 'डिक्लाइन', पुन्हा राखाडी, पुन्हा मेल्यासारखं, पण दाबलं की चालणारं. पाचवीत तशाच थाटात ड्रायव्हरवाला. मग हिरवी पट्टी भरत गेली आणि कन्व्हर्टर उघडला.

तो उत्तम चालतो. 'ज्ञानेश्वर', 'वाङ्मय', 'कुऱ्हाड', जे टाकेन ते अचूक बदलून देतो. म्हणून तर आठ महिने कुणाला त्याच्यावर शंका आली नाही. आत मदतीची फाइल आहे. तिच्यात करणाऱ्यानं मराठीतच लिहिलंय, की हे मोफत आहे, इतरांनाही द्या. त्या माणसानं आपल्या भाषेसाठी रात्री जागून हे केलं असणार. वेष्टण घातलं डाउनलोडच्या साइटनं, आणि प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेतले तिनं.

लगेच तपासलं तेव्हा क्रोम जसंच्या तसं होतं. चौथ्या इन्स्टॉलरकडे वळणार होते, पण पूर्वी जावा या प्रोग्रॅमबरोबर येणाऱ्या आस्क टूलबारची गोष्ट आठवली. २०१३ मध्ये उघडकीला आलं होतं, की तो १० मिनिटं गप्प बसतो आणि मग स्वतःला बसवतो, म्हणजे कशाबरोबर आला ते माणसाच्या लक्षात येऊ नये. घड्याळ लावून बसले. आमच्या बाबतीत सतरा मिनिटं लागली. आधी टास्क आलं, मग रजिस्ट्रीतली ओळ. ३२ अक्षरं वहीतल्या अक्षरांशी ताडली. तीच.

मुलांनी काहीही केलेलं नव्हतं. सरांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "आठ महिने मी पोरांना रागावतोय, ताई." मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. फॉरमॅट करणाऱ्यानंही जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. सहा यंत्रं, एक संध्याकाळ, 'नेक्स्ट' 'नेक्स्ट' करत गेला असणार. न वाचलेल्या भाषेतल्या, मुद्दाम राखाडी रंगवलेल्या बटणाशेजारच्या होकाराला मी संमती म्हणणार नाही, करारात काहीही लिहिलेलं असो.

सोमवार, ३० जून

पालखीच्या गर्दीमुळे वाचनालय तीन दिवस वारकऱ्यांच्या मुक्कामाला दिलं होतं. आज नुसती झाडलोट आणि केबली जागेवर लावणं. यंत्रं सुरू करून बघितली. सहाही स्वच्छ.

सोमवार, ७ जुलै

काल आषाढी झाली. आज बंदोबस्ताचा दिवस.

प्रत्येक यंत्रावर दोन खाती केली. ॲडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्डासह, पासवर्ड सरांच्या कपाटात बंद पाकिटात. दुसरं 'वाचक' नावाचं साधं खातं. साध्या खात्यातून रजिस्ट्रीतल्या पॉलिसीच्या जागी लिहिता येत नाही, आणि सगळ्यांसाठीच्या डेस्कटॉपवरचा शॉर्टकटही बदलता येत नाही. यानं सगळं थांबत नाही, कारण काही प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच बसतात. म्हणून पुढची पायरी.

विंडोज सिक्युरिटीत नको असलेले ॲप अडवण्याची सोय मे २०२० च्या अपडेटपासून आहे आणि ऑगस्ट २०२१ पासून ती आपोआप चालू असते. पण दुसरा अँटिव्हायरस बसवला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला होतो आणि ही सोयही निजते. आपल्याकडे तेच झालं होतं. विकतच्या अँटिव्हायरसची मुदत याच महिन्यात संपते आहे. तो वाढवायचा नाही असं कार्यकारिणीनं ठरवलं. डिफेंडर पुन्हा पुढे आणला, त्या सोयीतल्या 'ॲप' आणि 'डाउनलोड' या दोन्ही खुणा तपासल्या. पेनड्राइव्हवरचा तो इन्स्टॉलर जोडून बघितला. उघडायच्या आतच अडवला गेला.

आणि क्रोमला आता आपल्या पॉलिसी. ज्या जागी त्यांनी ओळ लिहिली होती तिथेच आपण लिहिलं: कुठलंही एक्स्टेन्शन बसवायचं नाही, आणि क्रोम कायम गेस्ट म्हणूनच उघडेल. गेस्टमध्ये सिंक नसतं. मुलांनी आपल्या जीमेलमध्ये जावं, अर्ज भरावेत, खिडकी बंद केली की मागे काही उरत नाही. सायबर कॅफेसारख्या जागी हे त्यांच्याही भल्याचं आहे. गेल्या महिन्यात क्रमांक १ वर तीन जणांचे जतन केलेले पासवर्ड सापडले होते.

सरांनी मेनू उघडून तळाची ओळ वाचली, हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो. "आता हे खरं आहे," म्हणाले, आणि सगळ्या यंत्रांवर फिरून ती ओळ एकेकदा वाचून आले.

गुरुवार, १० जुलै

एक निवृत्त गुरुजी घरचा लॅपटॉप घेऊन आले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी इशारा: तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत. त्यांनी भीतीनं दोन दिवस तो सुरूच केला नव्हता.

व्हायरस एकही नव्हता. इशाऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एका साइटचा पत्ता होता. कधीतरी एका पानानं 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अनुमती द्या दाबा' असं सांगितलं, त्यांनी दाबलं, आणि ती अनुमती नोटिफिकेशनची होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून तो पत्ता काढला आणि नव्यानं कुणी विचारूच नये अशी खूण केली. तीन मिनिटांचं काम. गुरुजींनी पायऱ्या मागच्या पानावर लिहून घेतल्या, सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून. त्यांच्या दोन मित्रांनाही तोच त्रास आहे म्हणाले.

सोमवार, १४ जुलै

सहाही यंत्रं चार आठवडे स्वच्छ, क्रमांक २ चा तो एक दिवस सोडून.

कन्व्हर्टरचा प्रश्न उरला होता. छापखान्यात जाऊन आले. अहवालाची पानं आम्हीच लावून, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ दिली तर त्यांना चालणार आहे. म्हणजे जुन्या फॉन्टची गरजच उरत नाही. मूळ करणाऱ्याचा ईमेल मदतीच्या फाइलीत होता. त्यांना काय घडलं ते कळवलं आणि त्यांच्याकडून बिनवेष्टणाची प्रत मागितली. लागेल तेव्हा हाताशी असलेली बरी.

टायपिंगसाठी मुलं वेगळं सॉफ्टवेअर शोधतात, तेही बंद करता येण्यासारखं आहे. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, इनस्क्रिप्ट तर त्याआधीपासून. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची आणि खालच्या पट्टीवरून बदलायचं. नऊही यंत्रांवर जोडून दिला. ज्या मुलीच्या खात्यातून एक्स्टेन्शन आलं होतं, तिनं पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव टाइप करून बघितलं, मग गावाचं, मग जिल्ह्याचं. भावाचा लॅपटॉप ती पुढच्या सोमवारी घेऊन येणार आहे.

जुना पेनड्राइव्ह पुसला. नव्यावर फक्त मूळ साइटवरून उतरवलेले चार इन्स्टॉलर, प्रत्येकासोबत कुठून आणि कधी घेतला याची चिठ्ठी. तो सरांच्या खणात.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो. नऊपैकी किती यंत्रं ११ वर जाऊ शकतात ते पुढच्या तपासणीत बघायचं. तारीख, ११ ऑगस्ट.